तीन मायक्रॉन

खैरनारांनी गाडी आणली ती पाथर्डी फाट्याच्या
एकेका गतिरोधकाला नमस्कार घालत.
बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक,
वायपरमध्ये अडकलेली झेंडूची एक पाकळी,
सीटवरचं प्लास्टिक तसंच.
म्हणाले, सीलंट तेवढं लावून द्या ताई.
कालची गाडी. पॉलिश कशाला हवंय तिला?

सगळे हेच म्हणतात.
मी शटर अर्ध्यावर ओढलं,
अश्फाकला म्हटलं, दिवा दे.

दिवा तिरका धरला की काळा रंग
खरं बोलायला लागतो.
दारभर बारीक, गोल गोल ओरखडे,
कोळिष्टकासारखे.
शोरूमच्या आवारात कुणी पोरगा
साहेब यायच्या आत चोवीस गाड्या पुसत असेल
कोरड्या फडक्यानं;
त्याचा हात जसा फिरला तसा इथे राहिलाय.
छपरावर बोअरच्या पाण्याचे पांढरे वाळके थेंब.
आणि आवारामागे नक्की द्राक्षबाग आहे,
डाव्या बाजूला मोरचुदाची फवारणी बसलीय,
निळसर, पुसटशी.

मी त्यांना भाजीची पातळ पिशवी दिली.
म्हटलं, हातात चढवा, फिरवा दारावरून.
फिरवली. थांबले.
मग पिशवी काढून अंगठा तर्जनीवर घासला,
एकदाच,
आणि म्हणाले, रवाळ आहे.

तेव्हा कळलं. नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं,
तपासणीच्या टेबलावर.
शाई वाळते न वाळते तोच
कोऱ्यातली चूक हुडकायची.
नवी आहे म्हणून चांगली आहे,
असं त्या टेबलावर कुणी म्हणालं असतं
तर हसले असते लोक.

मग समजावणं सोपं गेलं.
लोणच्याची बरणी ओली असताना
झाकण लावतो का आपण?
सीलंट म्हणजे झाकण.
आत जे असेल ते वर्षभर आतच.

धुतली. चिकणमातीची वडी पाण्यावर सरकवली,
आधी करकरली, मग गप्प झाली.
कडांना निळी टेप.
मीटर टेकवला: एकशे बारा मायक्रॉन,
त्यातला वरचा पारदर्शक थर चाळीस धरा.
त्यातले तीन मी घेणार.
घेणार म्हणजे?
म्हणजे काढून टाकणार. ते परत येत नाहीत.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
बाहेर ट्रक गेले, विल्होळीकडे.
मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले,
परवानगी म्हणून.

मशीन मी हळू चालवते.
घाई केली की रंग तापतो,
आणि तापलेला रंग नाही ऐकत कुणाचं.
हातभर जागा, आडवी, उभी, पुन्हा आडवी,
पुसायचं, दिवा, पुन्हा बघायचं.
दुपारी तीनला बॉनेटमध्ये
पत्र्याचं छप्पर दिसलं, अश्फाकची टोपी,
आणि स्टुलावरचे खैरनार, वाकून,
स्वतःलाच तपासत.

पेट्रोलच्या झाकणापाशी एक ओरखडा उरला.
नखात अडकणारा.
त्यांनी नख लावून पाहिलं.
आमच्याकडे बाद झाली असती, म्हणाले.
मी म्हटलं, हाही जाईल,
पण खालचं सगळं घेऊन जाईल.
मग?
मग असू द्यायचा.
त्यांना हे आवडलं नाही. पण मान हलवली.

संध्याकाळी स्पिरिटनं पुसून सीलंट लावलं,
अगदी पातळ, दिसेल न दिसेल एवढं.
नोव्हेंबरची नाशिकची थंडी, वाळायला वेळ घेणार;
रात्रभर पाणी नको, हात नको.
ते सिटी बसनं घरी गेले.

सकाळी आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
छान वगैरे काही म्हणाले नाहीत.
पैसे मोजले. पुन्हा मोजले.
पाचशेची एक नोट उजेडाकडे धरली,
क्षणभर,
ती खिशात परत ठेवली आणि दुसरी दिली.

मला दोन्ही सारख्याच दिसल्या.