कॅसेटची दुसरी बाजू

मचाकोसच्या पुढे डांबर संपतं, मग बैलांची वाट.
न्झुकींच्या अंगणात, आंब्याखाली, स्टुलावर
मी टेपरेकॉर्डर ठेवला. खाली स्वेटरची घडी,
कारण स्टूल डगमगत होतं.

पहिल्या बाजूला सगळं नीट आलंय.
पलटणीतला नंबर त्यांनी उभं राहून सांगितला,
बहात्तराव्या वर्षी, टाचा जुळवून, अनवाणी.
मोंबासाहून जहाज. उलट्या.
कोलंबोत ओंडके ओढणारा हत्ती बघून
अख्खी तुकडी हसत सुटली होती :
आमचे हत्ती कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत!
मग ब्रह्मदेश. कबावचं खोरं, खेचरं, जळवा,
चिखलात भिजून पिठासारखी झालेली पावलं.

"सोबत कोण होतं?"
माझ्या यादीतला नववा प्रश्न.

"एक पोरगा. या टेकडीच्या पलीकडचा.
त्याचे बूट मी काढून घेतले.
त्याला आता लागणार नव्हते.
मला घट्ट झाले. तरी घातले, घरापर्यंत.
नाव… नाही आठवत."

इथे टेपवर एक कोंबडी आहे.
लांब कुणीतरी लाकूड फोडतंय.
उतरवून काढताना मी घड्याळ लावलं : एक्केचाळीस सेकंद.
कंसात 'शांतता' लिहिलं, मग खोडलं.
खुर्चीची दोरी करकरत होती सारखी.

खट्‌कन बटण उडालं. मी कॅसेट उलटली.

आणि दुसऱ्या बाजूला, अगदी सुरुवातीला,
माइकपासून दूर, सुपातल्या तुरीच्या सळसळीमागून,
स्योंबुआबाई :
"मुओका."
"काय?"
"त्या पोराचं नाव. झोपेत हाका मारता त्याला."
"कधी?"
"लग्न झाल्यापासून."
"मग बोलली नाहीस कधी?"
"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

ते उठले. टोपी शोधू लागले.
पलीकडे त्याची बहीण होती, म्हणाले, असली तर अजून.
माझे पाच प्रश्न उरले होते.
काठीचा आवाज वाटेवर जातो, बराच वेळ जातो,
मग फक्त तूर.

बावीस मिनिटं तूर निवडल्याचा आवाज.
साहेब म्हणाले, एवढी कोरी टेप वाया घालवलीस,
पुसून टाक, पुढच्या माणसाला होईल.
फॉर्मवर बोलणाऱ्याच्या नावाला एकच रकाना होता,
मी समासात तिचं लिहिलं, आडवं,

आणि कॅसेटची ती छोटी प्लॅस्टिकची खिट्टी
स्क्रूड्रायव्हरने तोडली,
जी तोडली की वर काही भरता येत नाही.