सुनीत, चौदा वर्षांचं

कारखान्याला कुलूप लागलं त्या डिसेंबरात
सिक्स्टनने गाडी आणली.
आणली म्हणजे ओढून आणली,
ट्रेलरवर, ताडपत्रीखाली,
स्कारापलीकडच्या एका शेतावरून.
तिथे तिच्या मागच्या काचेखाली
कोंबड्या अंडी घालत होत्या.
शेतकरणीने गाडीबरोबर अंडीही दिली, सहा.
मी म्हटलं, चला, ऑम्लेट तरी झालं.

नाव तिचं सॉनेट. म्हणजे सुनीत.
मी शाळेत शिकवायचे:
आठ ओळी, मग सहा, आणि मध्ये एक वळण.
सिक्स्टन म्हणाला, दोन हिवाळे.
फार तर तीन.

अंग फायबरचं, त्याला गंज नाही.
पण पोटाखाली लोखंड होतं,
बोट लावलं की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं
फरशीवर पडायचं.
पहिला हिवाळा त्या पोटात गेला.
दुसराही.
तिसऱ्यात त्याने वरचं कवच उचलून
छताला साखळ्यांनी टांगलं,
आणि त्यानंतर पाच वर्षं
मी गॅरेजात कपडे वाळत घालताना
डोक्यावर एक नारिंगी गाडी तरंगायची,
चाकं नसलेली.
त्याचे शर्ट मी वेगळे धुवायचे,
तरी फायबरची धूळ माझ्या उशीपर्यंत पोचलेली.
खाजकुयली परवडली.

गुरुवारी वाटाण्याचं सूप, आणि सुपाला
जुन्या असेंब्ली लाइनवरचे तिघे.
टोर्बयॉर्न, एवाल्ड, आणि तो बोलतच नाही तो ओस्सियान.
प्रत्येकाच्या खिशातून काहीतरी निघायचं,
एखादी सील, एखादी स्प्रिंग, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
कुठून आणली, हे विचारायचं नसतं.
कारखाना बुडाला तेव्हा
जो तो हाताला लागलं ते घेऊन पोहत सुटला होता.

आमच्या घरात काळ असाच मोजतात.
टीराचं लग्न, म्हणजे गिअरबॉक्स उघडा होता तेव्हा.
आई गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी क्रोमचं पार्सल आलं.
माझं ऑपरेशन झालं त्या वर्षी
तो इस्पितळात आला, नखांत ग्रीस,
बोटांत एक वॉशर,
तोच फिरवत बसला दुपारभर,
जपमाळेतला एकुलता मणी उरल्यासारखा.
बोलला काही नाही. मला राग आला होता.
घरी परतले तर गॅरेजच्या कुलपावर
कोळ्याने जाळं विणलेलं.
महिनाभर ते दार उघडलंच नव्हतं.

गेल्या मे महिन्यात ती पुरी झाली.
सूपवाले तिघे टाय लावून आले.
सिक्स्टनने उजवा पाय आत घातला.
गुडघा वळेना.
मग आधी बसून पाहिलं, मग मान वाकवून,
मग एवाल्डने खांद्याला धरून.
गाडी माझ्या कमरेएवढी उंच
आणि माझा नवरा बहात्तरचा.
कोणी हसलं नाही. ओस्सियानने बुटाच्या नाड्या सोडून
पुन्हा बांधल्या.

मग किल्ली माझ्याकडे आली.
पाय पेडलपर्यंत पोचेनात, पाठीशी उशी लागली,
तीच, धुळीची.
दिव्यांचा दांडा हाताने ओढायचा असतो,
ओढला.
नाकाडावरचे दोन्ही डोळे उघडले,
डावा जरा रेंगाळत, शाळेला उठवलेल्या पोरासारखा.

कालव्याच्या दरवाजांपाशी उतार आहे.
तिथे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला
आणि इंजिनाने माझा हात सोडला.
ही तिची खोड, त्याने सांगितली होती,
सांगितलेलं मी चौदा वर्षं ऐकलं होतं.
तरी ते असं असेल असं वाटलं नव्हतं:
नुसती चाकं, नुसतं पाणी,
आणि मी.

परतले तेव्हा तो टपालपेट्यांशी उभा होता,
कान रस्त्याकडे.
म्हणाला, तिसऱ्या सिलिंडरला खोकला आहे.
उद्या उघडतो.
मी म्हटलं, उद्या नको,
उद्या मी पुन्हा जाणार आहे.