काचेचं माप

नातीनं पाठवलेल्या फोटोत
मागे शेणानं पोतारलेली भिंत,
पुढे दारातल्या उन्हात
वीतभर उंचीची जांभळी फुलदाणी,
गळ्यापर्यंत लाखोरीनं भरलेली.
मी इतवारीतल्या दुकानाला भरदुपारी कुलूप घातलं.

तुमसर सोडलं की रस्ता काळा होत जातो,
डांबरानं नव्हे,
खाणीच्या धुळीनं.

भागरता शेंद्रेंनी ती सुपात रिकामी केली,
पदरानं पुसली
आणि पाहुण्याला गडू द्यावा तशी माझ्या हाती दिली.

आधी अंगठा.
डोळ्याला फसवता येतं, म्हणायचा माझा उस्ताद,
रंगवलेली नक्षी बोटाखालून निघून जाते,
कोरलेली अडवते.
इथे पोयणीचं पान अडवत होतं.
पानावर चतुर बसलेला,
त्याच्या पंखातल्या शिरा नखाला मोजता आल्या.

मग उजेड. आत टॉर्च सोडला
तसे थर सुटे झाले :
तळाशी ताकासारखा पिवळट, मग हिरवा,
सगळ्यांत वर जांभळा,
आणि आम्लानं जितकं खाल्लं
तितका तिथून उजेड.
नकली मालात आम्ल घाईत असतं.
इथे कुणालाच घाई नव्हती.

मग बूड. बारीक ओरखडे,
आडवेतिडवे, कसेही.
मुद्दाम पाडलेले ओरखडे एकाच दिशेनं जातात,
हे फरशीवर सरकत-सरकत म्हातारे झालेले.

सही देठाजवळ होती, वेलीसारखी वळलेली,
आणि सहीच्या आधी
तिळाएवढा तारा.

हा तारा, मी म्हटलं, मालक वारल्यानंतरचा.
दोन-तीन वर्षंच टाकला त्यांनी,
फ्रान्समध्ये, शंभराहून जास्त वर्षं झाली.

"मंग कारखाना कोनं चालवला?"
त्याच्या बायकोनं.
"हं," म्हणाल्या भागरताबाई,
आणि पहिल्यांदाच त्या फुलदाणीकडे
नीट पाहिलं.

त्यांचा सासरा सोमा, खाणीवर दगड फोडायचा,
मग बंगल्यावर पाणी भरायचा.
गोरा साहेब निघाला तेव्हा दोन महिन्यांचा पगार थकलेला.
साहेबानं खिडकीतली ही उचलली, म्हणाला, घे.
सोमानं घरी आणली, बायकोनं चार दिवस
चूल पेटवली नाही, रागानं.
पाचव्या दिवशी हिच्यानं शेजारणीला डाळ मोजून दिली.
तेव्हापासून ही गावाचं काचमाप.

जांभळा रंग काचेला मँगनीज देतं,
हे मी सांगितलं नाही.
सोमानं फोडलेला दगड कुठल्या बंदरात उतरला,
कुठल्या भट्टीत गेला, कुणी सांगावं.
आणि या फुलदाणीचं वय त्या हिशेबात बसत नाही,
तरीही
मी ती थोडा वेळ जास्त धरून ठेवली.

काठावर नखाएवढा कपचा उडालेला.
अरे अरे, मी म्हटलं. निम्मी किंमत गेली.
"कशी जाते? तो उडाला तवापासून
लोकं तेथवरच भरतेत. माप पक्कं झालं."

शेवटी आकडा सांगितला. दीड लाख.
नात मोबाइल खाली ठेवून बसली.
म्हातारी मात्र विचार करत राहिली,
"मले सांगा, तेवढ्या पैशात
लाखोरी किती मापं येते?"
मी भाव विचारला, हिशेब केला,
अडीच हजार, थोडी खालीवर.
"आन ते मोजाची कशानं?"

दारात कोणीतरी उभं होतं,
उसनी दोन मापं परत द्यायला आलेलं.
भागरताबाईंनी माझ्यापुढे हात केला,
"आना इकडं."
मी दिली.
आणि भिंगाचं कव्हर शोधत बसलो,
जे माझ्या खिशातच होतं.