स्वेटरातली बाटली

रुवीच्या खोलीत, तांदळाच्या पिंपामागे
ती स्वेटर घालून बसायची.
स्वेटर शालनने विणलेला, नव्याण्णव साली.
परदेश म्हणजे थंडी, एवढंच तिला ठाऊक.
मस्कतला उतरलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते,
आणि विमानाच्या दारातच
भाताच्या टोपावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली.

नऊ वर्षं स्वेटर बॅगेत पडून.
मग लॉरीसाहेब स्कॉटलंडला कायमचा निघाला
आणि जाताना इनासच्या हातात ही ठेवून गेला:
चांगल्या दिवशी उघडा.
चांगला दिवस कुठला, ते बोलला नाही.
चिलरचं मात्र सगळं लिहून दिलं होतं त्याने,
कुठला व्हॉल्व्ह, किती आटे, कुठल्या महिन्यात.

इनास म्हणाला, नाताळला.
नाताळात वसईहून फोन आला, त्याचा पुतण्या गेला.
मी म्हणालो, घराचा स्लॅब पडला की.
स्लॅब पडला तेव्हा मी सोहारला,
एका मॉलच्या गच्चीवर, कॉम्प्रेसरच्या पोटात कोपरापर्यंत हात.
मुलीच्या लग्नाला मी वेंगुर्ल्यात, बाटली इथे.
वादळात पाणी तिसऱ्या पायरीला लागलं,
इनासने आधी तिला उचलून कपाटावर ठेवलं.
पासपोर्ट खालच्या खणातच राहिले.

एका सुट्टीवरून आलो तर
आतली पातळी बोटभर खाली.
सील शाबूत. बूच शाबूत.
तरी मी लेबलावर पेनाने बारीक रेघ मारली.
पुढच्या वर्षी रेघेखाली आणखी एक रेघ दिसली,
ती माझी नव्हती.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
एकाच कुकरमधला भात खात राहिलो.

काल दार्सैतच्या दवाखान्यातून इनास आला,
रिपोर्ट टेबलावर ठेवला, साखर तीनशे ऐंशी,
लिव्हरच्या पुढे डॉक्टरीणबाईंची लाल खूण.
थेंबसुद्धा नाही, म्हणाली.
मग पिंप सरकवलं त्याने.
स्वेटराची बटणं एकेक करून काढली,
झोपलेल्या पोराचे कपडे काढावेत तशी.

आज मंगळवार, मी म्हणालो.
मंगळवारी मी घेत नाही, तुला माहीत आहे.
इनास घड्याळाकडे बघून खुर्चीत बसला.
सोळा वर्षं थांबलो, तर आता साडेतीन तास.

मध्येच शालनचा व्हिडिओ कॉल.
खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर दिसला तिला.
वापरतोस अजून?
वापरतो की, एसी फार लागतो इथे.
इनास खिडकीकडे तोंड करून खोकला.

बारा वाजून दोन मिनिटांनी बूच फिरवलं
आणि ते अर्ध्यातच मोडलं,
राहिलेलं भुगा होऊन आत पडलं.
चहाची गाळणी आणली. वेलचीचा वास होताच तिला.
मी स्टीलच्या पेल्यात घेतली.
इनासने खोकल्याच्या औषधाचं झाकण धुतलं,
डोळ्यांपुढे धरलं, आणि पाचच्या रेघेला थांबला.
बराच वेळ नुसता हुंगत होता.

कशी आहे, मी विचारलं.
तू सांग, तू पितोयस.

ओल्या लाकडासारखी. जरा वेलचीसारखी.
लॉरीसाहेबाच्या पाईपसारखी, कदाचित,
पण तो वास मला आता नीट आठवत नाही.

मग तो म्हणाला,
इतकी वर्षं मला वाटायचं तू पितोस.
मी म्हणालो, सील तर होतं.
हो, म्हणाला, सील होतं.

बाहेर कुणाचा तरी एसी ठिबकत होता पत्र्यावर.
त्याने झाकण ओठाला लावलं, जीभ फिरवली,
आणि रिपोर्टाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
पेनाने लिहिलं: बुधवार. पाच मिली.
खाली सही केली.