शेवेरा

हाडांच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असते.
उदगीरच्या जनावरांच्या कॉलेजात बावीस वर्षं
तारेनं बांधलेल्या बैलाची धूळ मी पुसतो.

खतीजा मॅडम गुरुवारी यायच्या,
उर्दू शाळा सुटली की,
पिशवीत वही, आणि दवातीत काजळ,
घरीच धरलेलं, बाभळीच्या डिंकात घोटलेलं.
वडील कातिब होते त्यांचे, लग्नाच्या पत्रिका लिहायचे.
छापखान्यात कॉम्प्युटर आला त्या दिवशी
त्यांनी बोरू धुऊन ठेवला, तो ठेवलाच.

एकदा त्यांनी एक घोडा दाखवला,
कुण्या चिनी चित्रकाराचा, जुन्या कॅलेंडरावरचा.
आयाळ म्हणजे नुसता फटकारा,
शेपूट म्हणजे कोरडा होत गेलेला कुंचला.
मी म्हणालो, दोन मिनिटांचं काम दिसतंय.
हसल्या. म्हणाल्या, हा माणूस परमुलखात जाऊन
आधी सांधे शिकला, एकेक,
मग घरी येऊन सगळे शाईत बुडवले.
आणि फटकारा?
तो त्यांच्या अक्षरांतूनच आलाय, शेख मामू.
अब्बांचा अलिफ असाच उतरायचा,
श्वास सोडता सोडता.

दोन पावसाळे त्या हाडंच काढत राहिल्या.
खुब्याची खोबण. मानेचे मणके, साताचे सात.
मी स्टूल धरायचो.

मग मार्चमध्ये तोंडारच्या बसवंत बिरादारानं
खूर दुखावलेला देवणी आणला, शेवेरा:
पांढऱ्या अंगावर काळे ठिपके,
जणू कुणी आधीच कुंचला झटकलाय.
मॅडमनी पतंगाचा कागद फरशीवर पसरला,
शिंग, वशिंड, पाठीची एक ओळ,
पोट काढलंच नाही, कागद तसाच सोडला.
बिरादार वाकून बघत राहिले.
शेपटीपाशी एक ठिपका राहिला, बाई.
प्रदर्शनात त्याचे मार्क धरतात.

त्यांनी तो दिला. शाई जरा जास्तच होती,
पसरत पसरत मांडीपर्यंत गेली.
कुणी फुंकर घातली नाही.
बैलानं कातडी थरथरवली, माशी उडाली,
आणि आम्ही तिघंही का कोण जाणे
कागदाकडं बघितलं.

मॅडमची बदली आता कंधारला झालीय.
चित्र इथंच आहे, सांगाड्यासमोर, दोन खिळ्यांवर.
संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी थांबतो.
त्या पांढऱ्यात एकही फासळी नाही.
तरी मोजतो.
तेरा भरतात.