पाव फेरा

स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी
पुढची चाकं ढिम्म.
एवढा प्ले होता आमच्या टोयोटाला.
ऐंशी सालचा पिकअप, मूळचा रंग कुठला
यावर घरात अजून दोन मतं.
त्या पाव फेऱ्यात आइता
बास्कमधली एक शिवी पुरी करायचा,
मग ट्रक वळायचा.

आइता म्हणजे बाप, आमच्यात.
पिरेनीजच्या उतारावरून तो नेवाडात आला
दुसऱ्याच्या दोन हजार मेंढ्यांमागे चालायला.
आयतं म्हणून त्याला काही मिळालं असेल
तर इथला वारा.

डावा अंगठा वाकडा आहे त्याचा.
कोरड्या नाल्यात एक धोंडा चाकाला असा लागला
की स्टिअरिंग उलटं फिरलं
आणि आरा अंगठ्यावर बसला.
तेव्हापासून अंगठे चाकाबाहेर.
जेवताना काटा धरतो, तेव्हासुद्धा.

या हिवाळ्यात खांदा गेला.
डॉक्टरचं त्यानं सगळं ऐकून घेतलं,
म्हणजे टोपी घातली आणि निघून आला.
मी एल्कोच्या भंगारातून
सत्त्याऐंशी सालच्या, उलटलेल्या एका ट्रकचा
पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स आणला, पंपासकट.
एकशेचाळीस डॉलर
आणि कोकराची एक मांडी.

जुना बॉक्स काढला तर मागे चासीला
केसभर तडा.
कधीपासून, कोणाला माहीत.
पट्टी कापली, वेल्ड केली,
पिटमन आर्म मात्र निघेना.
पुलर लावला, आवळला, शिव्या दिल्या
(माझ्या त्याच्यापेक्षा आखूड),
आणि रात्री तसाच ताणात सोडला.
पहाटे तीनला शेडमध्ये बंदुकीसारखा आवाज.
कुत्रा पलंगाखाली.

जुना दांडा मागेपुढे ढकलायचा.
पाटे दबले की स्टिअरिंग आपसूक फिरायचं;
म्हणजे इतकी वर्षं
गाडी आम्ही चालवत नव्हतोच, खड्डे चालवत होते.
नवा दांडा आडवा टाकला,
या कुशीतून त्या कुशीत.
मग चाकं हवेत ठेवून
या टोकापासून त्या टोकापर्यंत
वीस वेळा फिरवलं, तेलातले बुडबुडे संपेपर्यंत.
आइता शेजारी बादली पालथी घालून बसला होता.
"इतकं हलकं?" म्हणाला. "झोप लागेल की."

रस्ता आमचा सरळ, तीस मैल,
कंटाळून शेवटी एकदाच वळणारा.
पण बापाचे हात गप्प बसेनात.
जरा डावीकडे, जरा उजवीकडे,
चाळीस वर्षं सावरलेला तो प्ले
आता नव्हता,
आणि हात त्याला सावरतच होते.
ट्रक पट्ट्याच्या अलीकडे, पलीकडे.
समोरून डेल हॅकेट आला,
थेट गवतात उतरला,
काच खाली करून म्हणाला,
"पेयो, सकाळी सकाळी?"

मी म्हटलं, नुसतं धर.
"धरलंय की."
कमी धर.
तो थोडा वेळ गप्प.
मग म्हणाला, "रस्ता बोलत नाही यात काही."
आणि उतरून माझ्या बाजूला आला.

परत येताना मी चालवत होते.
त्याचे हात मांडीवर,
अंगवळणी पडलेलं अंगातून न गेलेलं,
बारीक बारीक हलत होते,
डावीकडे, उजवीकडे.

रात्री अंगणात इंजिनाचा आवाज.
दिवे बंद.
मी उठले नाही.

सकाळी ट्रक होता तिथेच,
पेट्रोल पाव टाकी कमी,
आणि पुढच्या दोन्ही टायरांखाली खडीत
परातीएवढे खळगे,
उभ्या गाडीची चाकं टोकाटोकाला
तासभर फिरवली की पडतील तसे.
स्टिअरिंगच्या आतल्या अंगाला, धुळीत,
एक अंगठ्याचा ठसा.
तिरका.

न्याहारीला विचारलं तेव्हा
तो पावाला लोणी लावत होता.
"कोयोट," म्हणाला,
"उकरतात कधी कधी."