पेला

पपांचा बिअरचा पेला स्टीलचा.
त्यावर कोरलेलं:
चि. सौ. कां. कुमुदिनीस, मामांकडून, १२-५-७४.
म्हणजे पेला आईचा.
ती त्यानं तांदूळ मोजायची.
तोंड कधी लावलं नाही.

शनिवारी अर्धा दिवस भरून
पपा बॅलार्ड इस्टेटहून ठाकुरद्वारला यायचे,
पिशवीत पेपरात गुंडाळलेली बाटली.
ती फ्रिजमध्ये आडवी, कोथिंबिरीच्या जुडीखाली.
चार वाजता दाराच्या कडीला अडकवून झाकण उडवायचे
आणि मी तेव्हाच मोठ्यानं खोकायची.
तसं ठरलंच होतं आमचं.

फेस काठाशी आला की ओतणं थांबायचं.
आतलं काही दिसायचं नाही.
बाहेरून मात्र पेल्याला घाम फुटायचा,
मामांची अक्षरं ओली होऊन ठळक व्हायची.

एकदा आगाशेकाकू विरजण मागायला आल्या.
"ताक का हो?"
"ताक," पपा म्हणाले, मिशीला फेस,
"जरा आंबटच झालंय."
काकूंनी त्या दिवशी विरजण
वरच्या मजल्यावरून नेलं.

परवा ऐंशी पूर्ण झाली म्हणून
निषाद आजोबांना लोअर परळला घेऊन गेला,
बिअर मागच्या टाकीतच तयार होते अशा जागी.
ग्लास आला उंच, कमरेत बारीक, वर फुललेला.
निषाद समजावत होता:
वास कुठं साठतो, काच इतकी पातळ का,
ओठाला काठ जाणवतासुद्धा कामा नये.
पपा नुसते बघत होते.
खिडकीतली तिरीप ग्लासात उतरून बसली होती.

"असा रंग असतो हिचा?"

चाळीस वर्षं.
आम्हांला हसताच येईना.

मग एक घोट घेतला, लहानसा.
"छान आहे," म्हणाले,
डॉक्टरांना सांगतात तसं.
शेजारून वेटर गेला
तर तळवा आपोआप ग्लासावर आडवा.
काचेतून सगळं दिसतच होतं.

येताना निषादनं एक बाटली बांधून आणली.
मी तांदळाच्या डब्यातून पेला काढला,
विसळला, ओतली.
पपांकडे न्यायच्या आत
आईनं तो माझ्या हातातून घेतला,
आपलं नाव असलेली बाजू स्वतःकडे फिरवली
आणि प्यायली.

"दात शिवशिवतात," म्हणाली.
"आणि तांदळाचा वास येतोय याला."

"येतोच," पपा म्हणाले,
आणि हात पुढे केला.

तिनं अजून दिलेला नाही.